तेरावं पुडिंग

नाटकगृहासमोरच्या हॉटेलचे मालक जिना चढून आले, तेव्हा मास्तर बिनसाखरेच्या चहात तोंड घालून बसले होते. मालकांना दारात पाहताच त्यांच्या हातातली कपबशी अशी काही किणकिणली, की ताईंनी वर्तमानपत्रावरून नजर उचलली.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. कोर्टात पंचवीस वर्षं कारकुनी करून लोकांचं खोटं बोलणं इतकं ऐकलं होतं, की निवृत्तीनंतर ते पकडण्याचाच धंदा केला. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची खासगी तपासाची कचेरी होती. शाळेतून निवृत्त झालेला धाकटा भाऊ टिपणं काढायचा. टिपणं सुवाच्य असत. त्यांतून काही उमगे ते ताईंना, मास्तरांना कधीच नाही.

"दादांवर चोरीचा आळ आलाय," मालक म्हणाले आणि टोपी हातात घेऊन खाली बघत बसले. "आणि तो आळ मीच येऊ दिला."

दादांना न ओळखणारा नाटकाचा रसिक त्या गावात नव्हता. तीस वर्षं त्या हॉटेलात वाढण्याचं काम केलेला माणूस. कोणाला तिखट चालत नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, सगळं त्यांना पाठ.

मालकांनी सांगितलेली हकीकत अशी. त्या हॉटेलची रीतच वेगळी. नाटकाआधी जेवण, नाटकानंतर गोड. ज्याला गोडासाठी परत यायचं असेल त्यानं उठताना आपला पेला टेबलावर उपडा घालायचा. उपडा पेला असलेल्या टेबलाला मधल्या वेळात कोणी हात लावायचा नाही. ताटली उचलायची नाही, वापरलेला रुमालसुद्धा बदलायचा नाही. माणूस परत आला की त्याला वाटलं पाहिजे, आपण उठलोच नव्हतो. हा नियम दादांनीच घातलेला. तिसरी घंटा झाली की पुढच्या दाराला कुलूप लागतं. मालक हिशेब सोडून नाटकाला जाऊन बसतात, आचारी पुडिंगं थंड करायला ठेवून गच्चीवर पाठ टेकतो. आत राहतात एकटे दादा.

काल बारा पेले उपडे होते. त्यांतला एक दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्या नाटक संपवून परत आल्या आणि ओरडल्या, सासूबाईंनी दिलेली अंगठी टेबलावर ठेवली होती, ती नाही. भरल्या हॉटेलात त्यांनी दादांकडे बोट केलं. दादांनी स्वतःच खिसे उलटे केले. मग कोणीतरी म्हणालं, डबा बघा.

"मी बघितला," मालक म्हणाले. "बारा लोकांसमोर त्यांचा डबा उघडला. रिकामा होता, धुतलेला. दादांनी एप्रन काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि गेले. डॉक्टरीणबाई म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत अंगठी नाही मिळाली तर चौकीवर जाणार. ताई, ते घर दादांच्या पगारावर नाही, अब्रूवर चालतं हो."

"तू काल तिथंच जेवलास ना, मास्तर?" ताईंनी विचारलं.

"जेवलो. सूप आणि वाफवलेल्या भाज्या." मास्तर घाईनं म्हणाले. "माझा पेला उपडा नव्हता. मला कुठलं गोड."

हे खरं होतं. तीन महिन्यांपूर्वी साखरेनं मास्तरांना इस्पितळात नेऊन आडवं केलं होतं. तिथं ताईंचा हात धरून त्यांनी गोड न खाण्याची शपथ घेतली होती, देवाला साक्षी ठेवून.

"नाटक कसं होतं?"

"सुरेख. शेवटी शेवटी राजानं काय आवाज लावला, अंगावर काटा आला."

ताईंनी मान हलवली आणि चपला पायात सरकवल्या. मास्तर टिपणवही शोधू लागले. त्यांच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती बोलून टाकावी असं त्यांना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर वाटत होतं. पायऱ्या संपल्या.

आधी ते दादांच्या घरी गेले. दोन जिने चढून वर एक खोली, तिला लागून आतली खोली. आतून बायकोच्या खोकल्याचा आवाज येत होता. दोन वर्षं ती अंथरुणाला खिळलेली. दादांनी ताईंना खुर्ची दिली, मास्तरांना नमस्कार केला आणि त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

"काल नाटक चालू असताना कोणी आत आलं होतं?" ताईंनी विचारलं.

दादांनी आपल्या नखांकडे पाहिलं. "मी अंगठी पाहिली नाही, बाई. एवढंच सांगता येईल."

"कोणी आलं होतं का, हे विचारलं मी."

"ते मला सांगता यायचं नाही."

नाही म्हणाले नाहीत, हे मास्तरांनी वहीत उतरवलं नाही. पेन अडलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना चौकात होता. रागावलेल्या तर होत्याच, पण रात्रभर झोप नसल्यानं डोळे सुजले होते. बोट सुजलं म्हणून जेवताना अंगठी काढली आणि टेबलावर ठेवली, हेच त्यांनी पुन्हा सांगितलं. नाटकात मन लागलं नाही. त्यातून दुसऱ्या अंकात राजाचा आवाज पार बसला, पडद्याआडून दुसऱ्या माणसाला त्याची वाक्यं म्हणावी लागली, लोक फिदीफिदी हसत होते.

मास्तरांनी वहीचं पान उलटलं. त्यावर अजून काहीच लिहिलं नव्हतं.

"परत आलात तेव्हा टेबल कसं होतं?" ताई म्हणाल्या.

"जसं ठेवलं तसंच. पेला उपडा, ताटली तिथंच. कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल."

"निघताना ओठ पुसले होते त्या रुमालाला?"

"पुसले होते. ओठांचा रंग लागला होता त्याला," असं म्हणून बाई थांबल्या.

ताईंनी मास्तरांना प्यायला पाणी आणायला पाठवलं. ते परत आले तेव्हा बाईंच्या मांडीवर त्यांचा हातरुमाल होता. त्याच्या एका टोकाला गाठ मारलेली होती आणि गाठीत काहीतरी बारीक टणक होतं. मास्तरांना पाहताच त्यांनी ती मुठीत झाकली, शाळेतली पोर चिंच लपवते तशी.

शेवटी आचारी. तो हॉटेलच्या मुदपाकखान्यात कढई घासत होता आणि सगळ्या जगावर चिडलेला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दादांनी चोरी केली म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही.

"पुडिंगं किती केलीस काल?" ताईंनी विचारलं.

"तेरा."

"पेले बारा होते."

"तेरावं दादांचं. रोज एक जास्त करतो मी. ते डब्यात घालून घरी नेतात, वहिनींसाठी. तीस वर्षांत त्या माणसानं स्वतः एक चमचा खाल्लेला नाही." आचारी थांबला. "काल ते दिसेना म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, मीच खाल्लं, उभ्या उभ्या. मी म्हटलं, बरं झालं, एकदाचे माणसात आलात."

मास्तर मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते दार बोळात उघडतं आणि बोळ नाटकगृहाच्या बाजूच्या दाराशी संपतो. त्यांचा चेहरा असा झाला होता, की आचाऱ्यानं त्यांना स्टूल दिलं. रोज वहिनींसाठी. हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं.

दुपारी ताईंनी सगळ्यांना हॉटेलात बोलावलं. मालक, आचारी, डॉक्टरीणबाई. दादा सगळ्यांच्या शेवटी आले आणि पाहुण्यासारखे दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसले. तीस वर्षांत त्यांना त्या खोलीत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"अंगठी चोरीला गेलेली नाही," ताई म्हणाल्या. "ती या हॉटेलातच आहे. पण ती कुठं आहे ते सांगण्याआधी मला तुम्हा सगळ्यांच्या लाजेबद्दल बोलावं लागेल. रागावू नका."

मालकांनी टोपी काढली.

"बाईंना टेबलावर पांढरा, कडक रुमाल मिळाला. निघताना त्याला ओठांचा रंग लागला होता. म्हणजे रुमाल बदलला गेला. या हॉटेलात उपड्या पेल्यापुढचा रुमाल बदलत नाहीत. नियम दादांचा आणि मोडला दादांनीच, कारण दुसरं कोणी नव्हतं. स्वतःचा नियम असा माणूस कधी मोडतो? रुमाल तसाच ठेवण्याजोगा राहिला नसेल तेव्हा. मधल्या वेळात त्याला दुसऱ्या कोणीतरी तोंड पुसलं तेव्हा."

दादांनी डोळे मिटले.

"आता तेरावं पुडिंग. दादा म्हणतात, मी खाल्लं. तीस वर्षांत न खाल्लेलं, बायकोच्या वाटणीचं, कालच का खावं? डबा रिकामा, धुतलेला. ते खाल्लं त्या दुसऱ्या माणसानं. मध्यंतरात तो बाजूच्या दारानं निघून बोळातून मागं आला. पुढच्या दाराला कुलूप होतं, आणि तसंही त्याला कोणी पाहायला नको होतं. दादांनी त्याला मुदपाकखान्याजवळच्या टेबलाशी बसवलं, खिडकीतून दिसू नये म्हणून. ते टेबल बाईंचं. अंधारात त्यानं हाताला आला तो रुमाल घेतला. जळक्या साखरेचे डाग पडले. दादांनी तो मळक्या कपड्यांच्या पेटाऱ्यात टाकला आणि दुसरा ठेवला. आणि त्या माणसाला शब्द दिला, कोणाला सांगणार नाही."

"पण अंगठी?" मालक म्हणाले. "ती तर टेबलावर..."

ताईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. 

"टेबलावर नव्हती," बाई म्हणाल्या. "रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती. माझी आई तसं ठेवायची. दवाखान्यातही मी तसंच करते, आज गाठीत दुसरी अंगठी होती. हातरुमाल काल घरी राहिला, म्हणून तुमच्या रुमालात बांधली. घरचे हसतात मला या सवयीवरून, अडाणी म्हणतात. म्हणून काल टेबलावर म्हटलं. परत आले तर रुमालाला गाठ नाही. वाटलं, कोणी सोडून घेतली."

"सोडलेल्या गाठीची सुरकुती कडक रुमालाला राहते," ताई म्हणाल्या. "त्याला नव्हती. बाई खरं बोलल्या असत्या तर दादांना तिथल्या तिथं पेटारा आठवला असता. ते गप्प राहिले कारण त्यांना वाटलं, रुमालाचा याच्याशी काय संबंध."

आचारी कधीच मागं पळाला होता.

"तो माणूस कोण?" मालकांनी विचारलं.

"मला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "ज्यानं दुसरा अंक पाहिलाच नाही, तो. दादा सांगणार नाहीत. मीही सांगणार नाही. मी सांगितलं तर त्याच्याजवळ काहीच उरणार नाही."

त्या खाली बसल्या. 

मास्तरांनी आयुष्यात शेकडो मुलांना बाकावर उभं केलं होतं. उभं राहायला किती वेळ लागतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.  वही खाली पडली.

"मी," ते म्हणाले. "राजाचा आवाज मी ऐकलाच नाही. वासानं बोळात खेचून आणलं मला. खाऊन झाल्यावर बागेच्या बाकावर बसून राहिलो, नाटक सुटेपर्यंत. सकाळी मालक आले तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, पुडिंग आणि अंगठी यांचा काय संबंध. खरं तर वाटलं नव्हतं. ताईला कळेल, एवढंच वाटलं होतं. एका चमच्याच्या लाजेपायी मी तुमची अब्रू पणाला लावली, दादा."

आचारी आत आला. त्याच्या हातात तपकिरी डागांचा रुमाल होता, कोपऱ्यात ओठांचा लाल ठसा आणि टोकाला घट्ट गाठ. डॉक्टरीणबाईंनी गाठ सोडली. अंगठी हातात घेऊन त्या ती बोटात घालायचं विसरल्या. दादांपुढे जाऊन हात जोडू लागल्या.

"आत्ता नको," ताई म्हणाल्या. "जे बारा जणांसमोर बोललात, ते भरल्या हॉटेलातच परत घ्यायचं. मालक, तुम्हीसुद्धा."

दोघांनी माना हलवल्या. मालकांनी एप्रन आणून दादांपुढे धरला, जरा खाली वाकूनच.

दादांनी तो घेतला आणि मास्तरांकडे वळले. सकाळपासून पहिल्यांदा. "बसा, मास्तर. काल घरी गेल्यावर हिनं विचारलं, आज डबा रिकामा का? मी म्हटलं, एकाची फार दिवसांची भूक होती. तर म्हणाली, पोटभर खाल्लं ना त्यानं?"

शिवी दिली असती तर मास्तरांनी ती आनंदानं झेलली असती. हे त्यांना झेपलं नाही. ते तोंड वळवून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"राजाबद्दल कळलं डॉक्टरीणबाईंच्या तोंडून," ताई म्हणाल्या. "पण काहीतरी आहे हे सकाळीच कळलं होतं. तुझी कपबशी वाजली तेव्हा." चार पावलं पुढे जाऊन म्हणाल्या, "दिवसभर वाट पाहिली मी तुझी."

संध्याकाळी पेले उपडे पडायच्या आधी मास्तर आचाऱ्याकडून डबा भरून घेऊन दोन जिने चढले. वहिनींनी उशीला टेकून चव घेतली, समाधानानं मान डोलावली आणि चमचा या अनोळखी पाहुण्यापुढे केला. म्हणाल्या, एवढे दम खात वर आलात, थोडं घ्या की.

"नको, वहिनी," मास्तर म्हणाले. "माझा वाटा मी कालच खाल्ला." आणि मग खुर्ची जवळ ओढून, काल काय झालं ते पहिल्यापासून सांगू लागले.