वेदना नावाचं चित्र

"आजी एकदम शांत आहेत, मॅडम," ऋतुजा म्हणाली. गजराबाईंच्या चेहऱ्याकडे तिने क्षणभरच पाहिलं होतं, पण पाटीवर शिकलेल्या नर्सला तेवढं पुरे असे. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर, वेदनेच्या रकान्यात, तिने शून्य भरलं.

उज्ज्वला हसबेने आईकडे पाहिलं. तिलाही तसंच वाटलं. सगळी नोकरी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात घालवून ती नुकतीच निवृत्त झाली होती आणि ऋतुजा माळवदे तिचीच विद्यार्थिनी. पोटच्या पोरीसारखा जीव लावलेली. म्हणून तर परसात हळद वाळत घालताना आई कोसळली, तेव्हा उज्ज्वलाने तिला दुसरीकडे कुठे न नेता थेट ऋतुजाच्या वॉर्डात आणलं होतं. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

गजराबाईंनी चादरीचं टोक दातांत धरलं होतं.

"आई, सोड बघू ते. दवाखान्याची चादर, कुणाकुणाच्या अंगावरची असते," असं म्हणत उज्ज्वलाने ते टोक अलगद सोडवून घेतलं. मग गजराबाईंनी डाव्या हाताने आपलं लुळं उजवं मनगट धरलं आणि त्या ते गोल गोल चोळत राहिल्या. तिथल्या बांगड्या दाखल करतानाच काढून ठेवल्या होत्या.

"हाताला चाळा लागलाय आजींच्या," ऋतुजा प्रेमाने म्हणाली. "चला, कूस बदलू या. पाठीला जखमा व्हायला नकोत."

ऋतुजाने कंबर धरली, उज्ज्वलाने खांदा, आणि दोघींनी मिळून गजराबाईंना उजव्या कुशीवर वळवलं. गजराबाई भिंतीवरच्या एका डागाकडे टक लावून बघत राहिल्या. हूं नाही की चूं नाही.

"शहाणी गं माझी आई," उज्ज्वला म्हणाली.

आता ही पाटी म्हणजे काय? त्या काळातल्या कुणाला असं विचारलं असतं, तर त्याने विचारणाऱ्याचंच डोकं तपासायला पाठवलं असतं. पण आपल्याला सांगायला हवं. आज लोक जेवणाची ताटं, समुद्रकिनारे आणि स्वतःची थोबाडं जगाला दाखवायला जी चित्रांची समाजमाध्यमं वापरतात, त्यांचीच ही लेक. फरक इतकाच, की ही लेक शाळेत गेली. शिक्षकाने पाटीवर एक चौकोनी चित्र टाकायचं, खाली एखाद-दुसरा शब्द लिहायचा. विद्यार्थ्याने बोटाने चित्रं सरकवत जायचं आणि जे मनात ठसेल ते आपल्याकडे ठेवून घ्यायचं. अशा ठेवून घेण्याला 'ठेव' म्हणत. ज्या चित्राला ठेवी जास्त, ते चित्र पुढे. ज्याला कमी, ते मागे पडत पडत दिसेनासं होई.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण पाटीच्या पोटात 'चाळण' होती. ती प्रत्येक चित्राची थोडी थोडी वेगळी पिल्लं काढी. एकात कपाळावरची आठी जरा खोल, एकात डोळ्यांत जरा जास्त पाणी. ती पिल्लं निरनिराळ्या विद्यार्थ्यांना दाखवायची, कुठलं जास्त ठेवलं जातं आणि परीक्षेत कुठलं झटकन ओळखलं जातं ते बघायचं, आणि त्याच पिल्लाची पुढची पैदास करायची. टपोरं कणीस बियाण्याला ठेवावं, तसाच प्रकार. कणसं सुधारतात, मग चित्रं का सुधारू नयेत?

आणि चित्रं सुधारली! नापास होणाऱ्या मुली पास झाल्या. उज्ज्वलाच्या विद्यालयाचा निकाल असा लागला, की तिला पुण्याला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. कारण पाटीवरचा वेदनेचा पहिला धडा तिचा होता. बोलू न शकणाऱ्या रोग्याचं दुखणं ओळखायचं कसं, हे तिला शिकवायचं होतं. त्यासाठी तिने आईचाच फोटो टाकला होता. गजराबाईंच्या पित्ताशयात तेव्हा खडे झाले होते. कळ आली की त्या उंबऱ्यावर येऊन बसत, पदराचं टोक दातांत धरत आणि एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या फिरवत राहत. कपाळाला आठीसुद्धा नाही. "बाईच्या जातीनं दातातला पदर सोडायचा न्हाई," असं त्यांचं म्हणणं, आणि उज्ज्वलाच्या लहानपणापासून घराने तेच पाहिलेलं. त्या फोटोखाली उज्ज्वलाने लिहिलं होतं, 'हीसुद्धा वेदना. पदर पाहा, हात पाहा.' पहिल्या तुकडीतल्या मुलींनी तो फोटो डोक्यावर घेतला होता. नंतर पुण्याहून चाळण बसवायला परवानगी मागितली गेली, तेव्हा उज्ज्वलाने आनंदाने हो म्हटलं आणि त्या फोटोचं पुढे काय झालं ते कधी पाहिलं नाही.

गजराबाईंच्या मांडीवरची सूज दिसली ती वॉर्डाच्या डॉक्टरांना, आणि तीही चादर बदलताना योगायोगाने. मांडी काळीनिळी पडली होती. क्ष-किरण फोटो काढला तर खुब्याच्या हाडाचे सरळ दोन तुकडे झालेले.

"परसात पडल्या तेव्हाच मोडलं असणार," डॉक्टर म्हणाले. "लुळा पाय तसाही बाहेरच्या बाजूला कलतो, म्हणून शंका आली नाही. पण लुळा म्हणजे बधिर नव्हे. संवेदना शाबूत आहे त्या पायाला. इतके दिवस तुम्ही त्यांना याच कुशीवर वळवताय, त्यांना दुखत होतं हे एकालाही कळलं नाही?"

तक्त्यावर शून्यांची रांग होती. ऋतुजा रडकुंडीला आली. "मॅडम, देवाशपथ सांगते, मी दर वेळी बघितलं होतं हो. चेहऱ्यावर काहीच नव्हतं."

ती खोटं बोलत नव्हती, हे उज्ज्वलाला ठाऊक होतं. तिने स्वतः तरी दुसरं काय पाहिलं होतं? ती व्हरांड्यात गेली आणि तिने पुण्याला डॉ. तन्मय देवस्थळींना फोन लावला. चाळण त्यांनी बांधलेली. शाल देताना तेही व्यासपीठावर होते. फोनच्या पडद्यावर त्यांचा चेहरा आला तसं तिने नमस्कार वगैरे काही न करता सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, "सर, तुमची चाळण चुकली."

 देवस्थळी म्हणाले, "चाळण चुकत नाही, उज्ज्वलाताई. तिला सांगितलं तेवढंच ती करते. लक्षात राहील ते ठेव, असं आपण तिला सांगितलं. खरं असेल ते ठेव, असं कुणी सांगितलं होतं?"

"मला कळेल असं बोला. मी शास्त्रज्ञ नाही."

"कुरव नावाचा समुद्रपक्षी असतो. त्याच्या चोचीवर लाल ठिपका असतो. पिल्लू त्या ठिपक्यावर टोच मारतं, मग आई भरवते. फार पूर्वी शास्त्रज्ञांनी पिल्लापुढे एक नुसती लाल काठी धरली, टोकाला पांढरे पट्टे रंगवलेली. पिल्लं खऱ्या चोचीपेक्षा त्या काठीवर जास्त तुटून पडली."

"आईपेक्षा काठी बरी वाटली?"

"मेंदू आईला ओळखत नाही, खुणेला ओळखतो. खूण गडद केली की तो खऱ्याला सोडून गडदाकडे धावतो. लक्षात राहण्याचं शिखर खऱ्यापासून पुढे सरकतं, म्हणून मी याला 'शिखरसरक' म्हणतो. चाळणीने तेच केलं. प्रत्येक पिढीत वेदना थोडी गडद होत गेली."

"आणि काठीची सवय झालेल्या पिल्लासमोर मग खरी चोच आणली तर?"

"तो प्रयोग माझ्या माहितीत तरी कुणी केला नव्हता," देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी नजर वळवली. "आपण केला."

उज्ज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस आपल्या आईच्या मोडक्या हाडाला प्रयोग म्हणतो! पण ओरडणार कुणावर? परवानगीवर सही तिची होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मला चित्र दाखवा," ती म्हणाली. "आत्ताचं."

त्यांनी दोन चित्रं पाठवली. पहिल्याच्या खाली 'वेदना' असं लिहिलेलं. भुवया एकमेकींना भिडलेल्या, तोंड आ वासून उघडं, गालांवर पाण्याच्या धारा आणि उलटा तळहात कपाळाला लावलेला. उज्ज्वलाला ते अगदी बरोबर वाटलं. कुणालाही वाटलं असतं. दुसरं चित्र जुनं, मळक्या रंगाचं होतं. उंबऱ्यात एक बाई नुसती बसली होती. ही शांत आहे, असं उज्ज्वलाच्या मनाने वर्षानुवर्षं पाटीवर शिकवून पडलेल्या सवयीने सांगूनही टाकलं, आणि मग तिने खालची ओळ वाचली. 'हीसुद्धा वेदना. पदर पाहा, हात पाहा.'

व्हरांड्याचा कठडा तिने घट्ट धरला. शब्द तिचे होते. बाई तिची आई होती.

"तुमचा फोटो चाळणीने सुरुवातीलाच बाद केला," देवस्थळी सांगत होते. "आधी तर हात कापले गेले. चौकोनात नुसता चेहरा असला की ठेवी जास्त पडतात. मग पदर गेला. मग उरलेल्या चेहऱ्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतंच."

"चादर," उज्ज्वला म्हणाली. "तिच्या तोंडातली चादर मी स्वतः ओढून काढली, सर. घाण असते म्हणून."

देवस्थळींना ते कळलं नाही, आणि तिने समजावूनही सांगितलं नाही. तिला स्वतःची किळस येत होती. सगळ्या वॉर्डाला सोडा, ऋतुजाला सोडा, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पण जी त्या बाईचा पदर धरून चालायला शिकली, तिलाही दिसू नये?

"हे थांबवा," ती शेवटी म्हणाली.

"चाळण आज बंद करतो. पण आता शाळांमधून पहिलीपासूनची मुलं राग, लोभ, दुःख सगळं पाटीवरच ओळखायला शिकतात. पाटी पुसता येईल, उज्ज्वलाताई. त्यांचे डोळे कसे पुसणार?"

ती वॉर्डात परतली तेव्हा गजराबाईंना वेदनाशामक दिलेलं होतं. उज्ज्वलाने चादरीचं टोक उचललं आणि आईच्या ओठांशी नेलं. गजराबाईंनी ते धरलं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत रुसवा होता, की क्षमा होती, की नुसती गुंगी, हे उज्ज्वलाला वाचता येईना. आईचा चेहरा तिच्यासाठी परक्या लिपीतलं पान झाला होता. "एकदा तरी ओरडायचं होतंस गं," ती म्हणाली. पण अर्धा चेहरा लुळा पडलेल्या आणि जन्मभर पदर चावलेल्या बाईने ओरडावं तरी कसं?

हाड जोडण्याआधीच छातीत कफ दाटला आणि गजराबाई गेल्या.

दहावं झाल्यावर दुपारी ऋतुजा वॉर्डातल्या मुलींना घेऊन समाचाराला आली. जाजमावर सगळ्या ओळीने बसल्या. उज्ज्वला भिंतीला टेकून बसली होती.  या पोरींपैकी एकीने तरी जवळ यावं, पाठीवर हात ठेवावा, एवढंच तिला हवं होतं. पदराचं टोक कधी दातांत गेलं ते तिला कळलं नाही. हातातल्या बांगड्या ती फिरवत होती.

मुलींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"मॅडम किती छान सावरल्यात," एक जण शेजारणीला म्हणाली. ऋतुजाने मान हलवली. चहा आला. बदल्यांच्या गोष्टी निघाल्या, नव्या इमारतीतल्या लिफ्टच्या निघाल्या, आणि एकदा तर हसूही फुटलं. पोरी वाईट नव्हत्या. समोर बसलेली बाई शांत आहे, तर तिच्यापुढे दुःख उगाळत कशाला बसा, इतका समंजसपणा त्यांच्यात होता.

उज्ज्वलाने ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजा हसली, आणि पुन्हा लिफ्टकडे वळली.

तेव्हा उज्ज्वलाने दातांतला पदर सोडला. बांगड्या सोडल्या. तिने भुवया ओढून एकमेकींजवळ आणल्या, तोंड आ वासून उघडलं आणि उलटा तळहात कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली. असं तोंड तिच्या घरात कुणीच कधी केलं नव्हतं.

चहाचे कप खाली आले. सगळ्या उठून धावल्या. ऋतुजाने तिला छातीशी धरलं आणि स्वतःच खरंच रडू लागली. "मॅडम, अहो, इतकं दुखतंय तर बोलायचं नाही का?"

तिचा हात उज्ज्वलाच्या पाठीवरून फिरत होता. ऊबदार, शिकवून तयार केलेला, चांगला हात. उज्ज्वलाचा जबडा दुखायला लागला. पण तोंड मिटलं की हा हात काढून घेतला जाईल, म्हणून तिने ते तसंच उघडं ठेवलं.