सफरचंदाच्या बागेतलं निळं दार

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

साल १८८१. ऑक्टोबरातला मंगळवार. फ्रान्समधलं आमचं व्हेर्लीन गाव... आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

मी तेव्हा सिडोनी मावशीच्या खानावळीत काम करायचे. तिथे गारेल नावाचा चित्रकार उतरला होता. रोज चर्चमागच्या बांधावर बसून गावाचं चित्र काढायचा. गावाला ते मुळीच खपत नव्हतं. येताजाता लोक त्याच्या पायाशी थुंकायचे.

गिरणीवाला आन्सेल्म तर तोंडावरच म्हणाला, "आमच्या घरांकडे टक लावून काय बघतोस रे? चालता हो!"

गारेल हसला. "बघितल्याने घरं झिजतात होय?"

त्या दुपारी मी त्याला पाव-चीज द्यायला गेले. चित्र पाहिलं...

आणि वळून समोरच्या बागेकडे पाहिलं. तिथे नुसती झाडं होती.

सफरचंदाच्या बागेत त्याने एक घर रंगवलं होतं. निळ्या दाराचं.

ते घर मी सहा वर्षांची असतानाच जळलं होतं. आतल्या पाच जणांसकट.

"हे कशाला काढलंत?"

"दिसतंय ते काढतोय, पोरी. आतून कुणीतरी दार ठोठावतंय. ऐकू येत नाही?"

मी कान दिला...

पाखरं गप्प. गिरणीसुद्धा गप्प.

आणि मग... ठक. ठक. ठक.

रिकाम्या बागेतून.

"कुणी उघडत कसं नाही?" म्हणत तो बागेत शिरला.

"जाऊ नका हो!" मी ओरडले.

तो एका मोकळ्या जागी थांबला. दाराचा बाहेरचा अडसर उचलावा तसे दोन्ही हात उचलले...

लाकूड पडल्याचा आवाज आला.

आणि गारेल उभा होता तिथे कुणीच नव्हतं.

मी धावत मावशीकडे आले. सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"मावशी, अडसर बाहेरून होता?"

"तोंड बंद ठेव."

"कुणी लावला होता?"

तिने आधी खिडकी लावून घेतली. "तुझ्या बापाने. आन्सेल्मने... आम्ही सगळ्यांनी. त्या घरात देवीचा रोग शिरला होता. गाव वाचवायचं होतं."

आन्सेल्मने चित्र चुलीत घातलं. आठवड्याने पोलीस गारेलला शोधत आले. सगळ्या गावाने एकच सांगितलं, असा कुणी माणूस इथे आलाच नाही.

मीही तेच सांगितलं.

पोलीस गेल्यावर मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "आता तू आमच्यातली झालीस."

तीस वर्षं झाली. तो हात अजून डोक्यावरून उतरत नाही...