पेडलवर कोण बसणार

तो माझ्या गाडीखाली यायचा राहिला, एवढंच.

दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारची सकाळ, भोईवाड्यात कोर्टाच्या अलीकडचं वळण. रस्ता रिकामा म्हणून मी जरा जोरातच होते. एक माणूस हातात शहाळं घेऊन रस्ता ओलांडायला उतरला आणि मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला… पण पाय नेहमीपेक्षा खोल गेला. गाडी त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली आणि शहाळं घरंगळत गटारापर्यंत गेलं.

मी शिव्या खायच्या तयारीने काच खाली केली. कोर्टात कारकून आहे, ऐकून घ्यायची सवय आहे. पण हा बाबा माझ्याकडे बघतच नव्हता. तो गाडीकडे बघत होता. डाव्या दाराचा पोचा, आरशाला टांगलेली पितळी घंटी, मागच्या काचेवरचा अर्धा सोललेला गणपती… एकेक गोष्ट ओळख पटवावी तशी.

"ही… गंगाधरकाकांची गाडी ना? राऊळकाकांची?"

गंगाधर राऊळ म्हणजे माझे बाबा. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"तुम्ही कोण?"

"मी सौमित्र दिवेकर. परळला डायलिसिस टेक्निशियन आहे. काका आमच्याकडे यायचे." मग थोडं थांबून, "आणि तुम्ही सुची."

"सुचित्रा," मी म्हटलं. अनोळखी माणसाच्या तोंडून बाबांनी ठेवलेलं लाडाचं नाव ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही.

"गाडी मी आज पहिल्यांदा बघतोय. पण ऐकलीय खूप. मशीनवर चार-चार तास झोपून राहायचं म्हणजे माणूस काय करणार? काका गाडीबद्दल बोलायचे." तो खिडकीशी वाकला. "एक विचारू? ब्रेक ऑइल बदललंत का?"

पहिल्या भेटीत कुठल्या मुलीला हा प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

"गाडी चालतेय कुठे एवढी? बाबा आजारी पडल्यापासून उभीच आहे. मी रविवारी एक चक्कर मारते, धुते, पुसते. दसऱ्याला हार घालते, लिंबू बांधते. न वापरता तेल कसं खराब होईल?"

"काका म्हणायचे, हे तेल धावण्याने नाही, दिवसाने म्हातारं होतं."

हे वाक्य बाबांचंच होतं. असलं दुसरं कुणी बोलूच शकत नाही. मागे टेम्पोवाला हॉर्न मारून थकला होता. मी गाडी कडेला घेतली.

"पुढच्या महिन्यात आईला घेऊन गावी जायचंय," मी सांगितलं. "जत्रेला. बाबांनी तिला कबूल केलं होतं, आपल्या गाडीने नेईन म्हणून. ते राहिलं. आता मी नेणार."

"घाटाने?"

"मग काय विमानाने?"

तो हसला नाही. "हे तेल हवेतलं पाणी ओढत राहतं, झाकण लावलेलं असलं तरी. आणि मुंबईची हवा तर तुम्हाला माहितीय, मीठसुद्धा सुटं राहत नाही. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबावा लागतो. चाकं तापतात, तेल तापतं. चांगलं तेल ते सोसतं. पण पाणी मुरलेलं तेल उकळतं, वाफ होते. आणि वाफ दाबली जाते हो… तुम्ही दाबत राहता, पेडल खाली खाली जातं, आणि गाडी थांबत नाही."

आई पुढच्या सीटवर बसलेली माझ्या डोळ्यांपुढे आली.

"दर दोन वर्षांनी बदलायचं," तो हळूच म्हणाला. "आजारपणात ते राहून गेलं. शेवटच्या आठवड्यातही काका म्हणत होते, ब्रेकचं तेल राहिलं रे. मला वाटलं, घरी कुणीतरी… मी येऊन सांगायला हवं होतं का?"

मी त्याला दुसरं शहाळं घेऊन दिलं.

त्यानंतर कामाच्या दिवशीही तो दिसायला लागला. शिफ्ट सुटली की भोईवाड्याच्या देवळासमोर उभा. "इकडून जात होतो," म्हणायचा. हा माणूस दादरला राहतो. परळहून दादरला जाताना भोईवाडा वाटेत लागतो हे मीही मान्य करून टाकलं. रोज तो मला बाबांचं काहीतरी आणून द्यायचा. आज त्यांनी नर्सला मालवणी म्हण कशी शिकवली, उद्या त्यांनी कुठल्या पेशंटला हसवलं. जो बाप मी संध्याकाळी थकून झोपलेला बघत होते, तो सकाळी तिकडे गप्पा मारत होता. आधी मी बाबांसाठी थांबायचे. मग बाबांचं नुसतं निमित्त राहिलं. तुम्हीचं तू कधी झालं ते आठवत नाही. चहावाल्याला मात्र आठवत असेल.

"तुझे हात फार शांत आहेत," एकदा मी म्हटलं.

"नोकरीच तशी आहे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माणूस जातो." मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, "सुची, मी जानेवारीत मस्कतला चाललोय. तिकडच्या हॉस्पिटलात. दोन वर्षांसाठी."

"छान," मी म्हटलं. चहा एकदम बेचव झाला.

"धाकटी बहीण नम्रता नर्सिंगला आहे. तिचं शिक्षण पुरं व्हायचंय."

"छानच म्हटलं ना मी."

आम्ही पुढे बरेच दिवस सगळं बोललो, आणि जे बोलायचं ते सोडून बोललो.

मग एका रविवारी तो काळाचौकीला आमच्या घरी आला. हातात ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, पारदर्शक नळी, आणि अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"गॅरेजला जातोयस की लग्नाला?"

"पहिल्यांदा घरी येतोय तुझ्या," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

काम गॅरेजला देता आलं असतं. पण बाबा मिलमध्ये फिटर होते, या गाडीच्या ब्रेकला त्यांनी परका हात लागू दिला नव्हता. आम्ही करायचं, आणि मग नाक्यावरच्या मेकॅनिककडून तपासून घ्यायचं, असं ठरलं.

"तू केलंयस कधी हे?"

"नाही. पण सगळं तोंडपाठ आहे. काकांनी माझी परीक्षा घेतली होती."

आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. बाबांना डायलिसिसला तीच न्यायची; तिने सौमित्रला ओळखलं, वरूनच मान हलवली. खाली मात्र आली नाही. बाबा गेल्यापासून ती गाडीजवळ गेलीच नव्हती. मी रविवारी गाडी धुवायला लागले की ती आत जाऊन देवासमोर बसायची. गावी जायचं तर म्हणायची, पण गाडीत बसायचा विषय काढला की, "बघूया." आमच्या कोर्टात पुढची तारीख देतात तसं.

बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं. नवं तेल मधासारखं असतं, असं बाबा सांगायचे. आतलं तेल दोन दिवस उकळलेल्या चहासारखं होतं. वरून गाडी मी आरशासारखी चकचकीत ठेवली होती.

"रडू नकोस," सौमित्र म्हणाला.

"रडत नाहीये. ऊन लागतंय."

मग चाक काढलं, नळी लावली. मी आत पेडलवर, तो खाली पाना घेऊन. डबीत तेल कमी होऊ द्यायचं नाही, नाहीतर हवा आत जाते, म्हणून तो मधूनमधून उठून ओतत होता.

"दाब… सोड. दाब… सोड. दाब आणि धरून ठेव."

तो स्क्रू ढिला करायचा, पेडल तळापर्यंत जायचं. खालून बाटलीत काळं तेल उतरायचं. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त आवाज. बरं वाटत होतं. दिसलं असतं तर मला दाबायचं सुचलं नसतं.

पण चारही चाकं झाली तरी पेडल मऊच. दाबलं की आत कापूस भरल्यासारखं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्याचा पांढरा शर्ट केव्हाच काळा झाला होता.

"राहू दे," मी चिडून म्हटलं. "गाडीच विकून टाकते. आईला बसने नेते. तू मस्कतला जा. सगळं एकदम मिटेल."

"पाय बेगीन उचलतंस गो."

मी दचकून बघितलं. आई दाराशी उभी होती. एका हाताने गाडीचं छप्पर धरलेलं.

"काय?"

"तो स्क्रू आवळूच्या आधी तू पाय उचलतंस. मगे वारो आत जाता. सरक."

मी सरकले. माझी आई, जिला मी आजवर सायकलवरसुद्धा बसलेलं पाहिलं नव्हतं, साडी सावरून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तिचा पाय पेडलवर असा गेला, जसा घराचा उंबरा ओलांडताना जातो.

"तुका काय वाटला, तुझो बापूस ह्या एकटोच करी? तू शाळेत जायस, तेव्हा तो खाली नि मी वर." ती खाली बघून म्हणाली, "तयार मां रे झिला?"

"हो काकू."

"तू आवळलंय म्हणून सांगल्याशिवाय मी पाय काढूचंय नाय. माका घाय नाय."

एक चाक आईने केलं. मग ती उतरली. "आता तू कर. बघतंय मी." आणि मी केलं. पाय खाली गेला की तिथेच ठेवायचा, मांडी थरथरली तरी, खालून "आवळलं" ऐकू येईपर्यंत. कुणाच्या तरी शब्दावर असं थांबून राहायची मला सवय नव्हती. नळीतले बुडबुडे कमी झाले, मग थांबले. पिवळसर स्वच्छ तेल यायला लागलं. शेवटी पेडल दाबलं तेव्हा ते वरच्या वर घट्ट अडलं.

आईने आरशाची पितळी घंटी पदराने पुसली, आणि डोळेही त्याच पदराने.

नळावर सौमित्र साबणाने हात धूत होता. मी बाजूला जाऊन उभी राहिले.

"मस्कतला जायच्या आधी मला काही सांगायचंय का तुला?"

त्याचे शांत हात थांबले. "आल्यावर सांगणार होतो."

"दोन वर्षांनी?"

"तुला उगाच अडकवून ठेवायचं नव्हतं. तू मोकळी असावीस…"

"ती बाटली बघ." काळ्या तेलाची बाटली पायरीवर ठेवली होती. "रोज पुसत होते रे मी ती गाडी. हार घालत होते. जागची हलली नाही म्हणजे बिघडली नाही, असंच मला वाटत होतं. आणि आई गाडीजवळ येत नव्हती, तेव्हा मी तिला एकदाही विचारलं नाही का ते. आमच्या कोर्टात लोकांना नुसत्या तारखा मिळतात, सौमित्र. मला तारीख नको. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण आज म्हण."

नळ तसाच वाहत होता. त्याने तो बंद केला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "भोईवाड्यापासून नाही, त्याच्याही आधीपासून. काका गाडीबद्दल दोन तास बोलायचे, आणि उरलेले दोन तास तुझ्याबद्दल. गाडी न बघता ओळखली ना मी? तशीच तू. पण पेशंटच्या घरी कुठल्या तोंडाने आलो असतो? आणि आता हे जाणं… सुची, मला जायलाच हवं. पण मी परत येणार आहे, आणि तुझ्याकडे येणार आहे. थांबशील?"

"नुसती उभी नाही राहणार," मी म्हटलं. "गाडी चालवीन, आईला हिंडवीन, दर रविवारी तुझ्याशी फोनवर भांडीन. असं चालत असेल तर थांबेन."

"चालेल," तो म्हणाला. त्याच्या ओल्या हातात मी माझा हात दिला. तेलाचा वास होता दोघांच्याही हाताला.

पायरीवरून आई म्हणाली, "परत कधी करूचा लागतला ह्या?"

आम्ही हात सोडले. "दोन वर्षांनी, काकू."

"तेव्हा माका हाक मारू नकात. माझो गुडघो दुखता. तुमी दोघांनीच काय ता करा." आणि ती जिना चढून गेली. गुडघा वगैरे काही दुखत नव्हता तिचा.

सौमित्रने चिकटपट्टीचा तुकडा तेलाच्या डबीवर लावला आणि त्यावर पेनाने दोन वर्षांनंतरचा महिना लिहिला.

"तारीख नको म्हणाली होतीस…"

"ही चालेल," मी म्हटलं.

जत्रेला आम्ही गेलो. घाट उतरताना आई माझ्या बाजूला बसली होती. गाडी गिअरमध्ये ठेवून मी सावकाश उतरले, आणि दर वळणाला ब्रेक तसाच लागला, वरच्या वर, घट्ट. घाट संपल्यावर आई म्हणाली, "हाडलंस गो माका." आणलंस गं मला, एवढंच. मग गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

जानेवारीत मी त्याला त्याच गाडीतून विमानतळावर सोडलं. तो पांढरा शर्टच घालून आला होता, डाग न गेलेला. दरवाजातून आत जाताना तो तीनदा मागे वळला. येताना परळच्या पुलावरून उतरताना बाजूची सीट रिकामी होती. मी रडले, खोटं कशाला सांगू. सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला आणि हिरवा होईपर्यंत पाय उचलला नाही.