सोबतीला रोसिली

कोट्टायमच्या त्या इस्पितळात सोबतीचं माणूस असल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत. एलिक्कुट्टीचा मुलगा कॅनडात, त्याला सुट्टी मिळेना. शेजारणीपुढे तोंड वेंगाडायला ही बाई तयार नव्हती. शेवटी फॉर्मवर तिनं खुशाल धाकट्या बहिणीचं, रोसिलीचं नाव ठोकून दिलं. रोसिलीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तपासायला कोण बसलंय?

मणक्याचं ऑपरेशन पार पडलं. नंतर दुखू नये म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या नसा बधिर केल्या, वर औषध सोडायला एक बारीक नळीही ठेवली. दुपारी जिन्सी नर्सनं तिला कुशीवर वळवून पाठीला बर्फ लावला.

"गार लागतंय का, अम्मच्ची?"

"काही म्हणजे काही कळत नाही गं."

"छान. मग संध्याकाळपर्यंत पाठ आपली नाहीच असं समजा."

ती गेली. एलिक्कुट्टी भिंतीकडे तोंड करून पडली. मागच्या खाटांवर कुणी पेज भरवत होतं, कुणी पाय चेपत होतं. तिला एकदम रडू आलं.

तेव्हा पाठीवरून हात फिरला... वरून खाली, हळूहळू.

बर्फ न कळलेल्या पाठीला तो हात मात्र कळला. अंगठा आणि दोनच बोटं. रोसिलीची उरलेली दोन लहानपणीच रबर लाटायच्या रोलरमध्ये गेली होती, आणि रोलरचं हँडल एलिक्कुट्टी फिरवत होती. रबराच्या चिकाचा आंबूस वास आला.

"रोसिली...?"

हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. ती भ्यायली, पण खोटं कशाला बोला, तिला बरंही वाटलं.

"माझं चुकलं गं तेव्हा..." ती पुटपुटली.

संध्याकाळी पाठ ठणकू लागली, तसा हात नाहीसा झाला. जिन्सी आली.

"बहीण मायाळू आहे हो तुमची. दुपारभर बसून होत्या. आता खाली गेल्यात, तुम्हाला घरी न्यायचे कागद करायला."

"डॉक्टर तर आठ दिवस म्हणाले..."

"मीही तेच सांगितलं. त्या म्हणतात, आजच नेते." तिनं सिरिंज नळीला लावली. "सोडू औषध?"

"नको," एलिक्कुट्टीनं तिचं मनगट धरलं. "दुखू दे. आणि तू... तू इथेच बस."

जिन्सीनं खाटेच्या पायथ्याशी पडलेला घरी सोडायचा कागद उचलला. घरी नेणाऱ्याची सही झालेली होती. तिच्या बोटांना काहीतरी पांढरं, चिकट लागलं.