दोनशे बारा फॉर्म आणि एक औषधवाला

"सर्दी, ताप की पित्त?" काउंटरमागून त्याने विचारलं.

"सर्व्हे," मी म्हणाले.

"अरेरे… त्यावर औषध नाही आपल्याकडे!"

मला हसू फुटलं. सकाळपासून बावीस दारं वाजवून पाय दुखत होते, तरीही. सिमेंट कारखान्याने आमच्या संस्थेला काम दिलं होतं – कंपनी समाजासाठी जे करते, त्याबद्दल कामगारांना, शेजाऱ्यांना, दुकानदारांना काय वाटतं ते मोजायचं. एक ते पाच गुण.

"नेत्र तपासणी शिबिराला किती द्याल?"

"पाच. छानच झालं ते."

"आणि कंपनी तुमची काळजी घेते, याला?"

"एक."

"अहो, असं कसं?"

त्याने काउंटरच्या काचेवरून बोट फिरवलं. करडी रेघ उमटली. "तासापूर्वी पुसलीय. इथे सगळ्यात जास्त खपतं ते खोकल्याचं औषध. पण आम्हाला काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

मी फॉर्म उलटापालटा केला. धूळ हा शब्दच त्यात नव्हता. आतल्या खोलीत त्याची थोरली बहीण खोकत होती… आणि तो खोकला काही केल्या थांबेना.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मखाली मी पेनाने एक प्रश्न वाढवला – तुम्हाला कंपनीकडून काय हवंय? गल्ल्या दाखवायला तो सोबत यायचा.

"दुपारी दुकान बंद असतं वाटतं तुमचं?"

"तुम्ही आल्यापासून असतं," तो म्हणाला आणि उगाच दुसरीकडे बघू लागला. माझे कान तापले.

दोनशे बारा फॉर्म भरले. एकशे सदुसष्ट जणांनी लिहिलं होतं – धूळ थांबवा.

आमचे साहेब भडकले. "हा प्रश्न मंजूर नव्हता. कारखान्यात मांडलास, तर उद्यापासून येऊ नकोस!"

मी मांडला. कारखान्याच्या बैठकीत, साहेब आणि तिथले इंजिनिअर समोर असताना.

"हे विचारायला कोणी सांगितलं?" कारखान्याच्या मॅनेजरबाईंनी चष्मा काढला.

"कोणीच नाही, मॅडम. म्हणूनच विचारलं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी गठ्ठा ओढला आणि एकेक फॉर्म वाचत राहिल्या. शेवटी त्या इंजिनिअरकडे वळल्या, "सिमेंटची भुकटी वाहून नेणारा तो उघडा पट्टा झाकायला किती दिवस लागतील?"

"महिनाभर…"

"आजपासून धरा."

मी जवळजवळ धावतच बाहेर आले. तो फाटकाशी उभा होता. मी नुसती होकारार्थी मान डोलावली – आणि तो भर रस्त्यात लहान मुलासारखा ओरडला!

बस आली. मी चढले, तर मागोमाग तोही.

"अहो, दुकान?"

"ताई बसलीय. तीच म्हणाली, आज बोलला नाहीस तर घरात घेणार नाही."

"काय बोलायचंय?"

त्याने दांडा घट्ट धरला. "तुम्ही मला… आवडता. फार. उत्तराची घाई नाही."

"मला आहे. पुढचाच स्टॉप माझा." मी त्याच्या हातावर हात ठेवला. "आणि तुम्ही काय? तू म्हण."

"तू," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं, "तू…"

बस थांबली, सुटली. आम्ही दोघंही उतरलो नाही.