पोचल्याची सही

बस अशी, कंदील मध्ये राहू दे. आंबिवलीची लाइट गेली की सावकाशच येते, तोवर सांगते. गोष्ट एका साडीची आहे, आणि मी किती जळकी होते त्याची.

नव्वद सालचं हे. ठाण्याला चेंदणीच्या कोळीवाड्यात माझं सासर. नवरा नामा होडीवर जायचा, मी बाजारात मासळी विकायला बसायचे. मी त्याची दुसरी. पहिली चंद्रभागा तापाने गेली, सवाष्ण गेली. आमच्यात दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली एवढीशी मूर्ती. घरात साडी येवो की बांगडी, आधी टाकाला लावायची, मग आपण अंगावर घालायची. पहिला मान तिचा. पाच वर्षांत माझ्या वाट्याला एक कोरी साडी आली नव्हती. लोकांची सवत शेजारच्या खोलीत असते, माझी छातीवर बसली होती.

एका साप्ताहिकात जाहिरात बघितली. कूपन भरून मनीऑर्डर करायची, सुरतेहून साडी घरपोच. मी हिरव्या रंगावर खूण केली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. ही एक साडी तरी आधी मी नेसणार होते.

पंधरा दिवसांनी छापील कार्ड आलं. ‘आपला माल रवाना झाला आहे.’ मग रोज वाट. शनिवारी सकाळी मी गळ्यातला टाक काढला आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसला. म्हटलं, आज पार्सल आलं तर ही बघायला नको. दाराला कुलूप घालून बाजारात गेले. तिला घरात एकटी ठेवून मी पहिल्यांदाच बाहेर पडत होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी पार्सल काही आलं नाही, म्हणून टाक डब्यातच राहू दिला. बुधवारी दुसरं कार्ड आलं. ‘माल शनिवारी पोचता झाला. घेणाऱ्याची सही : चंद्रभागा.’

आमच्या गल्लीला विश्राम म्हणून नवीन पोस्टमन आला होता. मी त्याला नाक्यावर गाठलं.

“विश्रामभाऊ, माझं पार्सल कुणाला दिलंत?”

“तुमच्या घरीच की. शनिवारी दुपारी.”

“घराला कुलूप होतं.”

“नाय वैनी, आतनं कडी काढली ना… एक बाई होत्या. कपाळावर मळवट भरलेला. हळदीचा वास येत होता. मला वाटलं, घरात काय कार्य आहे की काय…”

सवाष्ण मेली की तिला हळद लावून, मळवट भरूनच नेतात. मी घरी धावले, डबाभर तांदूळ सुपात ओतले, बोटांनी चाळले. टाक नव्हता. भीती वाटली, नाही कशी वाटणार? पण खरं सांगू, त्याच्याआधी तळपायाची आग मस्तकात गेली. या वेळीही तिनेच आधी घेतली.

मी कंपनीला लिहिलं, माल मिळालेला नाही. उत्तर आलं. ‘आपली दोन्ही पत्रे मिळाली. हिरवी साडी आपल्याकडे आधीच असल्याचे कळवल्यावरून ती परत घेतली असून डाळिंबी रंगाची रवाना करीत आहोत.’

दुसरं पत्र मी लिहिलं नव्हतं. आणि हिरवी साडी आधीच कुणाकडे होती, ते मला ठाऊक होतं. जावेने एकदा सांगितलं होतं, चंद्रभागेला हिरवीच नेसवून नेली म्हणून.

त्यानंतर बाजारातून आले की घरात हळदीचा वास यायचा. चूल निवलेली असायची, पण राख ताजी. एका संध्याकाळी नामा जाळं विणत बसला होता, मान वर न करता म्हणाला, “आज डाळिंबी साडीत झकास दिसलीस, शेवंते.”

“कवा?”

“दुपारी. जेवाय वाढलंस तवा. बोलली नाय एक शब्द… पण दिसलीस.”

दुपारी मी टोपली पुढ्यात घेऊन बाजारात बसले होते. पाच वर्षांत तो मला कधी झकास म्हणाला नव्हता. मी त्याला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्याचा चेहरा फुलला असता, आणि तेच मला बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलेच नाही. कडी लावून उंबऱ्याशी बसले. येऊ दे म्हटलं, कोण येते ती. भर दुपारी फटीतून एक कार्ड आत सरकलं.

‘सौ. चंद्रभागाबाई यांस. आपल्या घरी चुकीने पोचलेला माल परत पाठवण्याची आपली विनंती मान्य. वर्णन : शेवंती, वय सव्वीस. माल बांधून तयार ठेवावा.’

पाठीमागे बांगड्या वाजल्या… एकदाच. मी वळले. कुणी नव्हतं. माझ्या कपड्यांचं गाठोडं बांधलेलं होतं, आणि त्याच्यापुढे माझ्या चपला, दाराकडे टोकं करून ठेवलेल्या. मी त्या पायात घातल्या आणि तडक इथे, आईकडे आले.

आठव्या दिवशी नामा आला. लांबून दिसला तेव्हा मला रडू आलं. न्यायला आला, म्हणजे त्याला मी हवी आहे. मी घाईघाईने वेणी घातली. तो ओटीवर बसला. आईने पुढे होऊन विचारलं, “जावईबापू, पोरीला न्यायला आलात?”

“न्यायला? शेवंती घरीच हाय की, मामी. तिनेच धाडलं मला.”

मी दारात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परक्या बाईपुढे खाली घालतात तशी नजर खाली घातली. मग पिशवीतून हिरवी घडी काढून माझ्यापुढे धरली. कंपनीची हिरवी तर कधीच परत गेली होती; या घडीला हळदीचा वास होता.

“शेवंती म्हणाली, आंबिवलीला माझी बहीण आलीय, तिला दे. एकदाच नेसलीय, म्हणाली.”

मला बहीण नाही. मी आईकडे पाहिलं. “घे गो…” आई म्हणाली, आणि मला नावाने हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण नाव काही तिला आठवेना.