मंद आचेवरचा कोबी

“पळी तू धर, सूनबाई. मी नुसता बसून सांगतो,” असं म्हणत सासऱ्यांनी स्टूल ओढलं, आणि तेही ओट्यापासून चांगलं लांब... जणू ती शेगडी म्हणजे परक्याचं लेकरू होतं आणि तिला हात लावायचा आपला हक्क आता संपला होता!

तिने पळी धरली. सासऱ्यांकडे पाठ केली. शेगडीच्या उबेसाठी, असं म्हणणं सोयीचं होतं. खिडकीची काच गारठून धुरकट झाली होती, आणि चार वर्षांची भिंगरी आत आजोबांच्या पांघरुणात मांजरासारखी गुरफटून झोपली होती. पण पाठ थंडीमुळे फिरवली नव्हती, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

बाबांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. सकाळी नणंद येणार होती आणि बाबांना आपल्या गावी घेऊन जाणार होती, कायमची! त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. त्यांनीच लेकीला फोन केला होता, “माझा आता भरवसा नाही गं. इथे नात असते घरात. मला तुझ्याकडे एका कोपऱ्यात बसव, म्हणजे झालं.”

भरवसा नाही... आणि कुणाचा? ज्याने जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, कुठल्या म्हातारीला कुठल्या थांब्यावर उतरायचंय हे ती स्वतः विसरली तरी ज्याच्या ध्यानात असायचं, बायको गेल्यावर दोन पोरांसाठी जो चाळिशीत कांदा चिरायला शिकला, त्या माणसाचा!

“आधी कांदा. लोण्यावर. लाल नको करूस, नुसता मऊ होऊ दे,” बाबा सांगत होते. “मग लसूण, गाजर, बटाटा. कोबी शेवटी, आणि जाडसर चीर. बारीक कापलास की तो रुसतो आणि पातेल्यात दिसेनासा होतो, तुझ्या नवऱ्यासारखा.”

ती हसली नाही. एरवी हसली असती.

महिन्याभरापूर्वीची ती दुपार तिच्या अंतःकरणात काट्यासारखी रुतून बसली होती. चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून ती शाल न्यायला धावत घरी आली होती. बाबा नेहमीसारखे भिंगरीशेजारी आरामखुर्चीत डुलक्या घेत होते, आणि शेगडीवर, जाड तव्यावर पातेलं ठेवून, त्यांचं सूप मुंगीच्या पावलांनी शिजत होतं. त्यांची पद्धतच ती... आच दिसेल न दिसेल इतकी, आणि सूप होईस्तोवर स्वतःची एक झोप! तिला कडाडून भूक लागली होती. कोबी कच्चाच होता. ‘दोन मिनिटं तर,’ असं म्हणून तिने तवा काढून ओट्यावर ठेवला, पातेलं सरळ शेगडीवर टेकवलं आणि आच पूर्ण मोठी केली. एवढ्यात दुकानातून मालकांचा फोन आला, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. आणि ती शाल घेऊन पळाली ती पळालीच!

पातेलं करपलं, खिडकीच्या पडद्याने पेट घेतला, भिंत काळी झाली. बाबांनी खोकत खोकत नातीला उचलून बाहेर आणलं होतं. ती घरी पोचली तेव्हा जिन्यात सगळा शेजार जमला होता, आणि तिचा नवरा, जो मीटर दुरुस्तीच्या कारखान्यात दिवसभर एक शब्द बोलत नसे, तो सर्वांदेखत बापावर ओरडत होता. तिने तोंड उघडलं... आणि नेमकं त्याच क्षणी बाबा म्हणाले, “माझंच चुकलं. डोळा लागला माझा.”

त्या एका वाक्याच्या आडोशाला ती लपली, ती आजतागायत. तिने स्वतःची समजूत घातली होती की बाबांना सगळं कळलंय. त्यांनी तिचा अपराध पोटात घातलाय. आणि आता तर तिच्या वाटचा वनवासही तेच पत्करून निघाले होते! रोज सकाळी ती ठरवायची, आज बोलायचं. रोज संध्याकाळी तिचं धैर्य चपलांबरोबर दाराबाहेरच राहायचं.

“पाणी घातलंस? आता तवा ठेव खाली,” बाबा म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज अगदीच बारीक झाला. “तो तवा बघ हं सूनबाई. मी इतकी वर्षं ठेवत आलो, आणि त्या दिवशी विसरलो. आचही मोठी केली म्हणे मी. मला काही म्हणजे काही आठवत नाही. मला न विचारताच हातांनी केलं असणार ते. भीती त्याचीच वाटते गं... उद्या हेच हात भिंगरीला रस्त्यात सोडून देतील.”

तिच्या हातातली पळी पातेल्यात पडली.

म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं! त्यांनी पोटात वगैरे काही घातलं नव्हतं. ते थोरपणा नव्हते दाखवत, ते आपल्याच मनाला रोज थोडं थोडं पुरत होते... आणि माती ती लोटत होती!

“बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “तवा मी काढला होता.”

“कधी?”

“त्याच दिवशी. शाल न्यायला आले होते. मला भूक लागली होती. आच मी मोठी केली आणि तशीच गेले. तुम्ही काहीही विसरला नव्हतात, बाबा... काहीही!” आणि ती ओट्याला टेकून खाली बसली.

बाबा स्टुलावरून पुढे झुकले.

“तवा मी ठेवला होता?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“आणि आच?”

“बारीक होती. दिसेल न दिसेल इतकी.”

बाबांनी आपले दोन्ही तळवे वळवून वळवून पाहिले. त्यांचा चेहरा आक्रसला, आणि हा कणखर माणूस हमसून हमसून रडायला लागला. “अगं, मला वाटलं, आता एकेक करून सगळंच जाणार. आधी तवा, मग तुमची नावं... रोज पहाटे उठून बसचे थांबे म्हणून बघत होतो गं मी! पहिल्यापासून शेवटपर्यंत. एखादा गळतोय का बघायला.”

“मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्ही मला पाठीशी घालताय...”

“मी काय संत आहे?” ते रडता रडता उसळले. “कळलं असतं तर तिथेच जिन्यात ओरडलो असतो तुझ्यावर!”

एवढ्यात दार वाजलं आणि तिचा नवरा आत आला. बायको जमिनीवर, बाप रडतोय, शेगडी पेटलेली! “बाबा, तुम्ही परत गॅसजवळ...”

“थांब,” बाबांनी हात वर केला. “तुझ्या बायकोला काही सांगायचंय. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.”

तिने सांगितलं. एकही शब्द न गाळता, एकही सबब न जोडता. शेवटी म्हणाली, “दुकान सोड म्हणालात तर सोडते.”

तो डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला, आणि मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “मी बाबांना... सगळ्या शेजारासमोर...”

“दुकान कुठून आलं मध्ये?” बाबांनी नाक पुसलं. “ती शेगडी विसरली, चष्मे नाही. आणि तू रे! कारखान्यात एक शब्द फुटत नाही तुझ्या तोंडून, जिन्यात बरी वाचा फुटली? उद्या त्याच जिन्यात उभा राहा आणि तेवढ्याच मोठ्याने सांग.”

“सांगतो. ताईला फोन करू? येऊ नको म्हणून?”

“येऊ दे की. सूप पुरेल. तेवढी बॅग रिकामी कर आधी, नाहीतर तिच्या स्वभावाप्रमाणे ती मला बॅगेसकट उचलेल.”

तो बॅगेकडे वळला. ती तशीच बसून होती. “बाबा... मला माफ केलंत?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, पण दुखावलेपणही होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. “इतक्या लवकर? एक महिना मी माझाच नव्हतो, सूनबाई. त्याला वेळ लागेल. अजून कोबी तरी शिजलाय का?”

तिने मान हलवली. तेवढं तिला पुरेसं होतं... खरं तर तिच्या लायकीपेक्षा जास्तच होतं.

बाबा उठले, ओट्याशी आले, वाकून आच पाहिली, बटणाला हात न लावता. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी जरा पडतो. शेगडी तुझ्याकडे.”

ते गेले. थोड्याच वेळात आतून, भिंगरीच्या श्वासाच्या जोडीने, त्यांचं घोरणं ऐकू येऊ लागलं... खोल, निश्चिंत, महिन्याभराची थकबाकी वसूल करणारं! आणि ती, गुडघे दुखेपर्यंत, त्या इवल्याशा निळ्या आचेसमोर उभी राहिली. डोळे वाहत होते, पण पुसायलासुद्धा तिने नजर हलवली नाही.